डोळ्यांची साथ, १९७१

जून १९६९मध्ये घानाच्या आक्रा शहरात डोळे येण्याची साथ सुरू झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना ती नेहमीची वाटली नाही. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाचा डोळा रात्रीपर्यंत सुजून बंद व्हायचा आणि पापणी वर करून पाहावं तर पांढऱ्या भागावर रक्त साकळलेलं दिसायचं. पुढच्याच महिन्यात ‘अपोलो ११’ चंद्रावर उतरलं. यानातल्या मंडळींनी वरून काहीतरी आणलं असणार, असा हिशेब लोकांनी मांडला आणि आजाराला ‘अपोलो’ हे नाव चिकटलं. साथ यानाच्या आधीची होती, पण एवढी चौकशी कोण करतं!

१९७१ साली ही साथ भारतात आली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, सीमेपलीकडे ‘जय बांगला’ची घोषणा घुमत होती. कलकत्त्याने साथीला तेच नाव देऊन टाकलं. त्यात विनोद होता आणि आलेल्या पाहुण्यांच्या माथी खापर फोडण्याची सोयही. बंगाली घरांतून ते नाव अजून गेलेलं नाही.

त्याच वर्षी मुंबईतही डोळे आले. आठवडाभरात माणूस बरा होई, त्यामुळे फारसं कुणी मनावर घेतलं नसतं. मात्र काही आठवड्यांनी मज्जाविकारतज्ज्ञांकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. चांगली मोठी माणसं. आधी पाठीत आणि पायांत असह्य कळा, मग पाय लुळे. तेही सारखे नाहीत, एक जास्त, एक कमी. दिसायला थेट पोलिओ, पण पोलिओ हा तर लहान मुलांचा आजार. मागची हकीकत विचारली की दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोळे येऊन गेल्याचं कळायचं. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी हा धागा पकडला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९७२-७३मध्ये मुंबईहून गेलेल्या लेखांमुळे जगाला कळलं की डोळ्यांच्या या साथीतून क्वचित मज्जारज्जूलाही इजा होते.

गुन्हेगारही तोवर सापडला होता. जपानमध्ये वेगळा काढलेला एंटेरोव्हायरस ७० हा पोलिओच्याच कुळातला निघाला, तेव्हा लुळ्या पायांचं कोडं बरंचसं सुटलं. त्याला शरीराच्या आतल्या उबेपेक्षा तेहतीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. डोळ्याचा पृष्ठभाग नेमका तेवढाच गार असतो. सिंगापूरमध्ये १९७०च्या साथीत मात्र त्याचा एक भाऊबंद हाती लागला होता, कॉक्सॅकी ए २४चा एक प्रकार. तो पुढे पुन्हा भेटणार होता.

डोळे येण्याचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायला सुरुवात झाली ती त्याआधी जवळजवळ नव्वद वर्षं. १८८३मध्ये कॉलऱ्याच्या तपासासाठी इजिप्तला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनी तिथल्या डोळे आलेल्या रुग्णांत एक जिवाणू पाहिला; न्यूयॉर्कच्या जॉन वीक्स यांनी काही वर्षांतच त्याची ओळख पक्की केली. पण हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे सांगायला सूक्ष्मदर्शक लागला नव्हता. सुश्रुतसंहितेत संसर्गाने पसरणाऱ्या रोगांच्या यादीत कुष्ठ आणि ज्वराबरोबर नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळे येणंही आहे. तो पसरण्याच्या वाटाही दिल्या आहेत: अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एकच अंथरूण, दुसऱ्याचं वस्त्र, माळ, लेप. नुसत्या नजरेचा त्यात उल्लेख नाही.

आपल्याकडे मात्र ‘त्याच्या डोळ्यांत बघू नकोस’ हा सल्ला टिकून राहिला. गॉगल लावणाऱ्याला उजेडाचा त्रास कमी होतो, एवढाच त्याचा खरा उपयोग. समोरच्याचं रक्षण त्याने होत नाही. रोग जातो तो डोळा चोळलेल्या हातातून, पंचातून, उशीच्या अभ्र्यातून, बसच्या दांड्यावरून. त्यामुळे गॉगल लावून घरभर एकच टॉवेल फिरवणारं कुटुंब आजारी पडलं तर नवल नाही.

उपचाराची गोष्ट त्याहून आखूड आहे. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचा काढा, आईचं दूध, बोरिक पावडरचं पाणी असं बरंच काही डोळ्यांत गेलं, आणि आठवड्याने उतार पडला की श्रेय शेवटच्या उपायाला मिळालं. प्रतिजैविकाचे थेंब जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटकन उतरते, म्हणून ते दुकानातून परस्पर आणले जातात. आत नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू असला तर या थेंबांनी बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. विषाणूच्या साध्या साथीत गार पाण्याच्या घड्या, स्वच्छ हात आणि वेगळा टॉवेल एवढ्यावर भागतं. दुखणं वाढलं, दिसायला धूसर झालं किंवा उजेड अजिबात सहन होईना, तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको.

जुलै २०२३मध्ये पुणे जिल्ह्यात आळंदीला शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले आणि पाहता पाहता राज्यातल्या रुग्णांचा आकडा लाखावर गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नमुने तपासले. या वेळी एंटेरोव्हायरस ७० नव्हता. १९७०मध्ये सिंगापूरला सापडलेला कॉक्सॅकी ए २४चा प्रकार होता.