ग्रँट रोड, ८ जुलै १९२१

छत्री मिटा. बालीवाला थिएटरच्या दाराशी ती उघडी धरायलाही जागा उरलेली नाही. आषाढ नुकता लागलाय, ग्रँट रोडवर चिखल झालाय, आणि तरी गिरगावातले कारकून, शाळामास्तर, गुजराती पेढीवाले रेटारेटी करत आत शिरताहेत. पगड्या-रुमालांच्या अधूनमधून पांढऱ्या खादीच्या टोप्या दिसतात. अजून तेवीस दिवसांनी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजी विदेशी कापडाची होळी पेटवतील. आजच्या खेळाचं उत्पन्नही टिळक स्वराज्य फंडाला जायचं आहे. लोकमान्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तुमच्या शेजारच्या गृहस्थांनी ती अंत्ययात्रा भर पावसात पाहिली असेल. विचारू नका, त्यांना आत्ता बोलायचं नाहीये. त्यांचे डोळे पडद्याला लागलेत.

नाटक कुणाला नवं नाही. खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर येऊन दहा वर्षं झाली. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते आणि मग वनमाला होऊन त्याच्याच प्रेमात पडते, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. लोक आलेत ते पदांसाठी. गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, होरी, कजरीच्या चाली मराठी शब्दांना अशा काही बेतल्या, की त्या थिएटरातून निघून थेट माजघरात पोचल्या. सिनेमाला वाचा फुटायला अजून दहा वर्षं आहेत. तोवर मराठी माणसाच्या ओठांवरचं गाणं म्हणजे हेच.

आणि आज भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले!

याचा अर्थ या गर्दीला काय वाटतो, ते नीट समजून घ्या. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवरावांची ललितकलादर्श या दोन स्वतंत्र कंपन्या. प्रत्येकीचा पडदा वेगळा, साथीदार वेगळे, कर्ज वेगळं, आणि भक्त तर इतके वेगळे की एका घरात दोन असले तर जेवणं अबोल्यात व्हावीत. नारायणराव राजहंसांना ‘बालगंधर्व’ म्हटलं ते टिळकांनीच, असं सगळे सांगतात. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांच्या गळ्यात आहे. केशवराव कोल्हापूरचे. पोरवयात ‘शारदा’ गाजवली आणि अठराव्या वर्षी हुबळीला स्वतःची कंपनी उभी केली. अशा दोघांनी एका रंगमंचावर यायचं, तेही देशासाठी, म्हणजे हा नुसता नाटकाचा खेळ राहत नाही.

ऑर्गनचा सूर लागतो. सारंगी त्याला बिलगते. नांदी होते, आणि आता कान द्या, कारण ध्वनिक्षेपक नावाची वस्तू या थिएटरात नाही. केशवरावांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शोधत येतो. तार सप्तकात तो चढतो तेव्हा कुठं ओढाताण नाही, आणि वरून सुटलेली तान समेवर येऊन पडते तेव्हा सगळं थिएटर एकदम श्वास सोडतं. मग भामिनी येते. बालगंधर्व आवाज चढवतच नाहीत. एकाच शब्दाला ते तीनदा वेगळ्या अंगानं जवळ घेतात, लय हातातून कधी सुटत नाही, आणि त्या सुरातला तोरा नि लाज दोन्ही तुम्हाला चेहऱ्याआधी कानांनी कळतात. अत्तराचा वास पुढच्या रांगांवर रेंगाळतो.

जिंकलं कोण? मध्यंतरात सगळे हाच वाद घालताहेत, आणि पुढं कित्येक वर्षं घालतील. मला हा प्रश्नच खोटा वाटतो. समोर तोलामोलाचा गवई उभा राहिला की आपल्यातलं उत्तम बाहेर काढावंच लागतं, आणि आज दोघंही ते एकमेकांकडून काढून घेताहेत. भामिनी आणि धैर्यधर समोरासमोर येतात तेव्हा पाहा. एक गातो आणि दुसरा अंगभर ऐकतो. असं ऐकणं नुसत्या अभिनयानं येत नाही.

हे कुठल्याही तबकडीवर उतरणार नाही. ग्रामोफोनच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावतात, तीही कर्ण्यासमोर तोंड धरून गायलेली. इथं एकेक पद लोक पुन्हापुन्हा मागताहेत, आणि तबकडीत मावलं नसतं ते सगळं त्या पुन्हापुन्हा गाण्यात आहे.

या थिएटरात एकट्या तुम्हालाच पुढचं माहीत आहे. ४ ऑक्टोबरला केशवराव जातील, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढं त्यांचं नाव मिळेल, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह आगीत सापडेल. यातलं काहीच तुम्हाला इथं कुणाला सांगता येत नाही.

धैर्यधराचं पद संपतं. शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिलेत. तुम्हीही उठा, आणि गळा फाटेस्तोवर ओरडा: वन्स मोअर!