मल्लखांब : पैलवानाचा मुका जोडीदार

मल्लखांबाची प्रात्यक्षिके पाहताना आपण टाळ्या वाजवतो आणि ‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणून घरी येतो. पण मल्लखांब हा मुळात खेळ नव्हताच. ती दुसऱ्या खेळाची तयारी होती. मल्लाचा खांब, म्हणजे कुस्तीपूर्वी पैलवानाचे अंग मोकळे करणारा मुका जोडीदार.

बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरील मेहनतीचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला नवे रूप दिले. निजामाच्या राज्यातून आलेल्या पैलवानांचे आव्हान त्यांनी स्वीकारले आणि झाडावरच्या वानरांच्या हालचाली पाहून खांबावरची मेहनत बसवली, असे परंपरा सांगते. कथेचा भाग सोडला, तरी ताकदवान प्रतिस्पर्ध्यासमोर लवचिक अंग उभे करायचे, हा त्यातला विचार स्पष्ट आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव आपल्या कानपूरजवळच्या बिठूरला आले. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू इथेच मल्लखांब शिकल्याचे सांगतात. तेव्हा ही विद्या आपल्याआधीच इकडे येऊन स्थायिक झालेली आहे!

पुरलेला खांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट असतो. खाली अंग, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. घर्षण कमी व्हावे म्हणून त्याला एरंडेल लावतात. अढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल अशा प्रकारांत मांड्यांची पकड, कमरेचा पीळ, पाठीची कमान आणि खांद्यांचा जोर एकाच वेळी लागतो. नुसते वाकता येणे पुरत नाही; वाकलेल्या स्थितीतही शरीर ताब्यात राहावे लागते.

मी डब्यांच्या देखभालीतला माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. वळणावर डबा सुखरूप जातो तो बोगी त्याच्याखाली फिरते म्हणून. बोगी अडकली, तर चाक रुळावर चढू पाहते. शरीरात खुब्याचा सांधा म्हणजे ही बोगी. तो आखडला, की चेंडू टोलवताना त्याच्या वाट्याचे वळण कमरेला आणि गुडघ्याला घ्यावे लागते.

पुढे मल्लखांब कुस्तीपासून सुटा झाला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ ठरवले. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तो होता आणि २०२४ मध्ये दादरचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. मान वाढला, याचा आनंदच आहे. मात्र तो निवडक खेळाडूंचा झाला आणि ‘खेळाआधी अंग घडवा’ ही त्याची मूळ शिकवण आपण विसरलो.

त्याची किंमत आपण मोजतो आहोत. आठवडाभर खुर्चीत बसायचे आणि रविवारी थेट बॅट घेऊन धावायचे! आमच्या कचेरीतल्या तिघांनी चाळिशीनंतर मांडी किंवा कंबर धरल्यामुळे क्रिकेट कायमचे सोडले. चांगले खेळणारे होते, आज बाहेर बसून धावा मोजतात.

या वयात खांबावर चढा, असे मी म्हणत नाही. सामन्याआधी दहा मिनिटे खांदे फिरवावेत, पाय झुलवावेत, हळू बैठका आणि चार-सहा सूर्यनमस्कार घालावेत. खेळाच्या तोंडावर स्नायू फार वेळ ताणून धरू नयेत. त्याने जोर थोडा कमी पडतो. तसे ताण खेळानंतर किंवा रोज सकाळी द्यावेत. जुने दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मुलांसाठी मात्र आपल्या मंडळाच्या अंगणात, जाणत्या उस्तादाच्या देखरेखीखाली आणि खाली जाड गाद्या घालून, एक खांब जरूर पुरावा. बिठूर इतके जवळ असताना आपली मुले मल्लखांब फक्त टीव्हीवर पाहतात, हे बरे नव्हे.