होर्युजीच्या भिंती

जपानांतील नारा नगराच्या नैर्ऋत्येस इकारुगा नांवाचें गांव आहे. नाराचा महाबुद्ध पाहून प्रवासी तेथें येतो, तेव्हां दुतर्फा पाइन वृक्ष असलेली वाट त्याला होर्युजी विहाराच्या महाद्वाराशीं नेऊन सोडते. हा विहार राजपुत्र शोतोकु यानें इ. स. ६०७ मध्यें स्थापिला अशी परंपरा आहे. ६७० सालीं तो भस्मसात् झाला, असें प्राचीन जपानी बखरींत नमूद आहे. पुढें कांहीं दशकांतच तो पुनः उभारला गेला. आज तेथें दिसणारें मुख्य मंदिर आणि पांच मजली पॅगोडा हीं जगांतील सर्वांत जुनीं लांकडी बांधकामें होत. भूकंपांच्या देशांत तेरा शतकें तीं उभीं आहेत.

मंदिराच्या अंतर्भागाची कथा मात्र निराळी आहे. तेथील बारा भिंतींवर बुद्ध व बोधिसत्त्व यांचीं भव्य चित्रें होतीं. त्यांतील एका बोधिसत्त्वाची डौलदार देहयष्टि पाहतांच जाणत्यांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि आठवे. बुद्धाच्या धर्माबरोबर भारताची चित्रपरंपरा मध्य आशिया व चीन ओलांडून जपानपर्यंत पोहोंचली, याची ती जणूं साक्षच होती.

या चित्रांचा नाश शत्रूनें केला नाहीं. महायुद्धांतून तीं सुखरूप बचावलीं होतीं. मंदिराची दुरुस्ती चालू होती आणि चित्रकार भिंतींवरील चित्रांच्या नकला करीत होते. अशा वेळीं २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे तेथें आग लागली. वरचा मजला दुरुस्तीसाठीं आधींच उतरविलेला होता, म्हणून तो वांचला. अप्सरांचे वीस लहान चित्रफलकही काढून ठेवल्यामुळें वांचले. परंतु बारा भिंतींवरील रंग कायमचे गेले. जतनासाठीं चाललेल्या कामाच्या वेळींच जतन करावयाची वस्तु नष्ट व्हावी, हा दैवदुर्विलास होय.

जपाननें या आघातापासून धडा घेतला. १९५० सालीं सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानें वास्तूंबरोबर परंपरागत कलाकौशल्यांनाही आश्रय दिला. १९५५ पासून दर २६ जानेवारीस देशभर मंदिरांतून आग विझविण्याची कवाईत होते. जळक्या भिंती स्वतंत्र इमारतींत जपून ठेविल्या आहेत. १९३५ सालीं घेतलेल्या सूक्ष्म छायाचित्रांच्या आधारें नवीं चित्रें काढून तीं १९६८ सालीं मंदिरांत बसविण्यांत आलीं. प्रवासी आज पाहतो तीं हीं.

अजिंठ्याच्या बाबतींत याच्या नेमकें उलट घडलें. मेजर गिल यानें केलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या स्फटिकप्रासादांत जळाल्या. पुढें ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं नव्या नकला केल्या, त्यांतील अनेक १८८५ सालीं लंडनलाच अग्नीनें गिळल्या. तेथें नकल गेली, मूळ राहिलें. होर्युजीस मूळ गेलें, नकल राहिली. मुळाची राखण आणि त्याची नोंद हीं दोन्ही कामें वेळींच करावीं लागतात, हेंच होर्युजीच्या काळवंडलेल्या भिंती सांगतात.