तांब्यावरचा फूके

1661 साली पॅरिसच्या रोबेर नांतोयने निकोला फूकेचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. फूके म्हणजे चौदाव्या लुईचा अर्थमंत्रीच म्हणा ना. लांब केस, पांढरी साधी कॉलर, चेहरा अगदी निवांत.

मला कौतुक त्या हाताचं वाटतं. पोलादी कोरणीने बारीक चरे पाडायचे, त्यांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओल्या कागदावर दाबून ठसा घ्यायचा. सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं! गालावरची सावलीसुद्धा नुसत्या रेघांची. आदल्याच वर्षी राजाने या कलेला कारागीर-संघांच्या बंधनातून मोकळं केलं होतं.

ऑगस्टात फूकेने आपल्या व्हो-ल-व्हिकोंतच्या वाड्यात राजाला थाटाची मेजवानी दिली. 5 सप्टेंबरला त्याला अटक! सरकारी पैसा खाल्ल्याचा आरोप. तीन वर्षांनी न्यायाधीशांनी हद्दपारी सांगितली, तर राजाने ती वाढवून जन्मठेप केली. शिक्षा कमी करणारे राजे आपण ऐकतो, हा उलटाच. 1680 साली पिन्येरोलच्या किल्ल्यात फूके कैदेतच वारला.

पण एकदा निघालेले ठसे थोडेच परत गोळा होतात? आणि ज्याने त्याच्याविरुद्ध राजाचे कान भरले, त्या कोल्बेरचंही चित्र नांतोयनेच कोरलं. एकदा नाही, अनेकदा.