सात वर्षांची सजा

काळे पाणी हे शब्द कानी पडताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते, आणि ते साहजिकच आहे. परंतु अंदमानात १८५८ साली कैद्यांची वसाहत झाली, त्याच्या सत्तर वर्षे आधी इंग्रज सरकारने आपलीच माणसे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर नेऊन टाकिली होती. त्यांत बायकाही होत्या. त्यांपैकी एकीची हकीकत आम्ही येथे देत आहो.

मेरी ब्रॉड ही कॉर्नवॉलमधील फोवी या बंदरची, एका दर्यावर्द्याची मुलगी. प्लिमथ येथे दोन सोबतिणींसह एका बाईस अडवून तिने रेशमी टोपी व आणखी काही जिन्नस हिसकावून घेतले. १७८६ च्या मार्चात एक्झिटरच्या न्यायालयाने तीस त्याबद्दल फाशी सांगितली; पुढे ती बदलून सात वर्षांची हद्दपारी दिली. हिला त्या काळी दया म्हणत.

१७८७ च्या मे महिन्यात अकरा जहाजांचा ताफा निघाला. मेरी ज्या जहाजावर होती त्याचे नाव ‘शार्लट’. वाटेतच ती प्रसूत झाली, आणि मुलीला जहाजाचेच नाव मिळाले. वसाहतीत पोचल्यावर १७८८ च्या फेब्रुवारीत तिने विल्यम ब्रायंट या कॉर्नवॉलच्याच कैदी कोळ्याशी लग्न केले. वसाहतीत अन्नाचा दुष्काळ. म्हणून मासेमारीच्या होड्या त्याच्या हाती होत्या. चोरून मासळी विकल्याबद्दल त्याने शंभर फटके खाल्ले, तरी जाळे टाकावयास सरकारला तोच हवा होता! १७९० साली त्यांस इमॅन्युएल हा मुलगा झाला.

विल्यमची सात वर्षे १७९१ च्या मार्चात भरत होती. परंतु ताफ्याबरोबर कैद्यांच्या शिक्षांचे कागदच कोणी पाठविले नव्हते. मुदत संपली असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध कसे करावे? २८ मार्चच्या रात्री नवराबायको, दोन मुले व सात कैदी अशी अकरा माणसे गव्हर्नरच्या शिडाच्या होडीतून निसटली. होकायंत्र, नकाशा व बंदुका त्यांनी एका डच कप्तानाकडून आधीच मिळविल्या होत्या. एकोणसत्तर दिवसांत सुमारे ३२५० सागरी मैल कापून ती तिमोर बेटावरील कुपांग येथे पोचली. दोन वर्षांपूर्वी कप्तान ब्लाय असाच उघड्या होडीतून तेथे आला होता व त्याचे गोडवे आजवर गाइले जातात. पण ब्लायच्या होडीत कसलेले आरमारी लोक होते. या होडीत तीन वर्षांची मुलगी व तान्हे मूल होते. बरोबरच्या जेम्स मार्टिन या कैद्याने लिहून ठेविलेल्या हकीकतीत ती स्त्री व ती दोन मुले यांच्या हालांचा उल्लेख आहे. मेरीने स्वतः लिहिलेली हकीकत मात्र नाही.

आपले जहाज फुटले, अशी थाप त्यांनी डचांना दिली. काही महिने बरे गेले. मग बिंग फुटले. इंग्रज कप्तान एडवर्ड्‌स त्यांना बेड्या घालून बटेव्हियास घेऊन गेला. तेथे डिसेंबरात आधी इमॅन्युएल, नंतर तीन आठवड्यांनी विल्यम मरण पावला. केपटाउनहून ‘गॉर्गन’ या आरमारी जहाजावर मेरीला इंग्लंडास नेत असता १७९२ च्या मे महिन्यात शार्लटही गेली आणि तिचे प्रेत समुद्रात सोडण्यात आले. इतिहासकार होडीच्या प्रवासावर पानेच्या पाने लिहितात. आमचे मन मात्र या पोरीपाशी अडते. तिच्यावर कोणताही आरोप नव्हता, कोणत्याही न्यायाधीशाने तीस शिक्षा सांगितली नव्हती. तरी कैद्यांच्या जहाजावर जन्मून साडेचार वर्षांनी ती कैद्यांतच मेली.

लंडनच्या न्यूगेट तुरुंगात मेरी उरलेली मुदत भोगीत होती. जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल हा वकीलही होता. तो तिच्यासाठी सरकारदरबारी खेटे घालू लागला. १७९३ च्या मे महिन्यात माफी मिळाली. १७८६ च्या मार्चापासून मोजले तर सात वर्षे त्याआधीच पुरी झाली होती!

बॉस्वेलने तीस सालीना दहा पौंड लावून दिले व ती फोवीस परतली. बॉस्वेल १७९५ साली वारला. त्याच्या कागदपत्रांत पुढे एक पुडी सापडली. तीत मेरीने त्या दूरच्या किनाऱ्यावरून आणलेला वाळका पाला होता. त्याचा चहा करून वसाहतीतले कैदी पीत असत.