अस्वल गाजलं, बदकं तगली
वन्यजीवांची चित्रं काढली, गोष्टी सांगितल्या की लोक जागे होतात आणि प्राणी वाचतात, असं हल्ली सर्रास धरून चाललं जातं. अमेरिकी व्यंगचित्रांचा इतिहास पाहिला तर यातला पहिला भाग खरा ठरतो, दुसऱ्याबद्दल मात्र शंका घ्यावी लागते. नोव्हेंबर 1902 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होल्ट कॉलियरने एक अस्वल पकडून झाडाला बांधलं, पण बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमनने ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये तो प्रसंग रेखाटला : अस्वलाकडे पाठ करून हातानेच नको म्हणणारे अध्यक्ष आणि मागे गळ्यात दोर असलेलं जनावर. पुढच्या चित्रांमध्ये बेरीमनचं अस्वल लहान आणि गोंडस होत गेलं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने त्यावरून खेळणं केलं आणि टेडी बेअर जगभरच्या पोरांच्या कुशीत जाऊन बसला. चित्रात न आलेली गोष्ट अशी की, जखमी झालेलं ते अस्वल रूझवेल्टनीच दुसऱ्याला सांगून मारायला लावलं. त्या मुलखातलं लुइझियाना काळं अस्वल नदीकाठच्या ज्या सखल जंगलांत राहायचं, ती शेतीसाठी तुटत राहिली आणि 1992 मध्ये सरकारला त्याचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं. वन्यप्राण्याचं याहून लोकप्रिय व्यंगचित्र शोधून सापडणार नाही. पण ते पाहून हळहळलेल्या माणसाने करायचं काय, तर खेळणं विकत घ्यायचं!

बदकांच्या वाट्याला आलेला चित्रकार वेगळ्या घडणीचा होता. आयोवातल्या ‘डे मॉइन रजिस्टर’चे व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग ‘डिंग’ अशी सही करत. त्यांची चित्रं देशभरच्या दैनिकांत छापली जात आणि त्यांना 1924 मध्ये आणि पुन्हा 1943 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते स्वतः बदकांचे शिकारी आणि पक्के रिपब्लिकन, त्यामुळे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या धोरणांची रेवडी उडवण्यात त्यांनी कसूर ठेवली नव्हती. पण पाणथळ जमिनींचं पाणी काढून तिथे नांगर फिरला होता, त्यात तिसाव्या दशकातला दुष्काळ आला आणि बदकांची संख्या भराभर घसरली. तेव्हा याच टीकाकाराला रूझवेल्टनी मार्च 1934 मध्ये वन्यजीवांचं काम पाहणाऱ्या जीव-सर्वेक्षण विभागाचं प्रमुखपद दिलं. त्याच महिन्यात बदक-तिकिटाचा कायदा झाला : सोळा वर्षांवरच्या ज्याला पाणपक्ष्यांची शिकार करायची आहे, त्याने एक डॉलरचं तिकीट घ्यायचं आणि त्या पैशातून पाणथळी राखायच्या. तिकिटावर काय असावं याचा नमुना म्हणून डार्लिंगनी धुलाईच्या शर्टांच्या घडीत येणाऱ्या पुठ्ठ्यांवर घाईघाईने कच्ची रेखाटनं केली. दलदलीत उतरणाऱ्या मॅलार्ड बदकांच्या जोडीचं त्यातलं एक रेखाटन थेट छपाईला गेलं, आणि पहिल्या वर्षी त्याची 6,35,001 तिकिटं खपली. आजवर या तिकिटांतून शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि सुमारे 60 लाख एकर जमीन राखली गेली.

यात चित्राचं श्रेय कसलं, हा तर कायद्याचा प्रताप, असं कोणी म्हणेल. म्हणणं बरंचसं रास्त आहे. तिकिटाची कल्पनाही मुळात डार्लिंगची नव्हती, तिच्यासाठी आधीपासून खटपट चालू होती. पण दूरच्या दलदलीत पहाटे बंदूक घेऊन बसलेल्या माणसाच्या मागे किती पहारेकरी ठेवणार? त्याने मुकाट्याने डॉलर काढला तरच कायदा चालतो. माझ्या मते, तो काढायला लावण्यात अनेक वर्षं रोजच्या पेपरात शिकाऱ्यांना त्यांच्याच हावरेपणाचा आरसा दाखवणाऱ्या, आणि स्वतः शिकारी असलेल्या, चित्रकाराचा वाटा होता. कायद्यामागून येणारं चित्र काय करू शकतं, याचा दाखला आपल्याकडेही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, व्याघ्र प्रकल्प 1973 चा, आणि लुइस फर्नांडिस यांच्या कल्पनेतला, वसंत हळबे यांनी रेखाटलेला ‘टिंकल’मधला भित्रा शिकारी शंभू 1983 चा. वाघावर पाय ठेवून फोटो काढणारा शिकारी एके काळी दिवाणखान्याची शान होता. शंभूपर्यंत तो पोरांच्या हसण्याचा विषय झाला. त्याने वाघ वाचवले असं म्हणणं धाडसाचं होईल, पण बंदुकीचा रुबाब उतरवणं हे कलमांना जमणारं काम नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : बदकं राखली ती मारण्यासाठीच, याला संवर्धन कसं म्हणावं? हेतूबद्दलचा हा आरोप नाकारण्यात अर्थ नाही, डार्लिंगनीही तो लपवला नसता. मात्र दलदल राखली की तिथे केवळ मारायची बदकं राहत नाहीत, बगळे, बेडूक, मासे, चतुर सगळेच राहतात, आणि पुराचं पाणीही तिथेच जिरतं. कळवळ्याने काढलेल्या अस्वलाच्या चित्रामुळे जंगलाचा एक एकरही राखला गेला नव्हता. आज तिकिटाची किंमत 25 डॉलर आहे, दर डॉलरमधले 98 सेंट पाणथळींवर खर्च होतात, आणि हेच तिकीट राष्ट्रीय अभयारण्यांत प्रवेशासाठी चालत असल्याने बंदुकीला कधी हात न लावलेले पक्षीनिरीक्षकही ते घेतात.