घशाची तालीम

अन्नाची वाट आणि श्वासाची वाट घशांत एकमेकींस छेदून जातात. घास मागें सरकतांच स्वरयंत्र वर उचललें जातें, श्वासाचें दार मिटतें, आणि घास अन्ननलिकेंत उतरतो. निरोगी मनुष्यास या क्रियेची जाणीवहि नसते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगांतून वांचलेल्यास मात्र ती पुष्कळदां नव्यानें शिकावी लागते. रोग्याचा प्राण वांचविणें आणि त्याचा घास त्याला परत मिळवून देणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें वैद्यकास उमगण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

१८९३ च्या १ जुलै रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवरील गांठ एका नौकेवर गुप्तपणें कापण्यांत आली. गांठीबरोबर वरच्या जबड्याचा भागहि काढावा लागला. प्राण वांचला, परंतु तोंड व नाक यांमध्यें भगदाड पडलें. असें भगदाड उघडें राहिलें, तर पाण्याचा घोट नाकांत जातो व बोलणें कोणास समजत नाहीं. गिब्सन नांवाच्या दंतवैद्यानें रबराची कृत्रिम टाळू बसवून तें बुजविलें. अध्यक्ष त्यानंतर १९०८ पर्यंत जगले, आणि १९१७ पर्यंत ही गोष्ट जगास नीट कळली नाहीं.

गेलेल्या भागाची भरपाई अशी करतां येते. पण अवयव जागेवर असून त्याचें बळच गेलें असेल, तर रबराचा काय उपयोग? त्याकरितां गिळण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहणें अवश्य होतें. १८९६ च्या अखेरीस हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानें लांब मानेच्या एका हंसास बिस्मथ चारलें, आणि तें गळ्यांतून खालीं सरकतांना क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिलें. पुढें बिस्मथाची जागा बेरियमनें घेतली व क्ष-किरणांचीं चलच्चित्रें आलीं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील जेरिलिन लोगमन यांनीं १९८३ सालीं या परीक्षेवर व उपचारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

१९९१ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक निष्कर्ष बाहेर आला. स्वरयंत्र कापून न टाकतां औषधें व किरण यांचा उपचार केल्यास सुमारें दोनतृतीयांश रोग्यांचें स्वरयंत्र वांचतें, आणि त्यामुळें आयुष्य घटत नाहीं. परंतु किरणांनीं स्नायु ताठर होतात. वांचलेलें स्वरयंत्र कित्येकांच्या बाबतींत पुरेसें वर उचललें जाईना. हातातोंडाशीं आलेला घास घशांत अडे, किंवा फुप्फुसाकडे वळे. नळीनें पोटांत अन्न घालून देह पोसला जाई. पण घशास काम न उरल्यानें, तालीम सोडलेल्या मल्लाच्या दंडाप्रमाणें तोहि दुबळा होई.

म्हणून उपचाराची वेळच बदलली. किरणोपचार सुरू होण्यापूर्वींच गिळण्याचे व्यायाम शिकविण्याची पद्धत पडली: गिळतांना वर आलेलें स्वरयंत्र कांहीं क्षण तसेंच धरून ठेवणें, किंवा श्वास रोखून गिळणें व लगेच खोकणें. ह्यूस्टन येथील ४९७ रोग्यांच्या नोंदी २०१३ सालीं प्रसिद्ध झाल्या. ज्यांनीं उपचारकाळांत तोंडानें खाणें सोडलें नाहीं आणि व्यायामहि चालू ठेवला, तेच पुढें नेहमींच्या जेवणाकडे अधिक संख्येनें परतले, असें त्यांत आढळलें.

कोणास कोणता व्यायाम हितकर, हें मात्र तज्ज्ञानें तपासूनच ठरवावें लागतें. कारण कांहींच्या श्वासनलिकेंत घास शिरतो, तरी ठसकासुद्धां लागत नाहीं.